दुसरी कडी कोणाच्या हातात होती

उस्तादांचा मला राग का येतो, याची मी एकदा यादी केली होती. यादी मी कशाचीही करते. किराण्याची, आहेराच्या साड्यांची, दहावीच्या फॉर्मवर राहिलेल्या सह्यांची. भोकरदनच्या शाळेत मी लिपिक आहे, यादीशिवाय माझा दिवस उजाडत नाही. पण माणसावर केलेली यादी ती एकच. कागद तेलाच्या डब्यात ठेवतात. डब्यावर चिठ्ठी नाही. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे लिहितात, तेही शिसपेन्सिलीने. असे आठ मुद्दे झाले. नववा मी लिहिला आणि लगेच खोडला. तो असा होता: हे त्यांच्याकडून परत येतात तेव्हा हसत असतात.

हे म्हणजे माझे पती. सतरा वर्षं फौजेत होते. मणक्याला मार लागला, काही वर्षं हलक्या कामावर ठेवलं आणि मग घरी पाठवलं. डाव्या पायात अजून मुंग्या असतात. अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. एसटीत जागा मिळाली तरी हे उभे राहतात आणि लोकांना वाटतं, भला माणूस आहे, दुसऱ्याला जागा देतो.

उस्ताद राजूरला राहायचे. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या सुनेचं नारळ, दुर्वा आणि पेढ्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागे मध्ये पत्रा घालून काढलेली एक खोली, ती त्यांची कचेरी. फौजेत ते लांगरी होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करायचे. हे मुद्दाम सांगते, कारण तालुक्यात पुष्कळांना ते मोठे सुभेदार वगैरे वाटायचे. उस्तादांनी तो गैरसमज कधी वाढवला नाही आणि कधी दूरही केला नाही. कोणी "सुभेदार साहेब" म्हणालं की म्हणायचे, "भाजीत मीठ बराबर आहे का ते सांग, बाकी काय बी म्हण."

घरी आल्यावर त्यांनी एकच काम धरलं. नोकरीत कान, कंबर, गुडघा गमावून आलेले आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेलेले जवान त्यांच्याकडे यायचे. उस्ताद त्यांची अपिलं लिहून द्यायचे. मोबदला म्हणून काही घेत नसत, पण आलेल्या माणसाला बसल्या बसल्या दुकानाचे नारळ सोलायला लागायचे. "हात रिकामे राह्यले की माणूस खोटं बोलतो," हे त्यांचं म्हणणं. हवालदार असो की सुभेदार, पुढ्यात नारळ यायचा. काथ्याचा ढीग वाढत गेला की उस्ताद पेन्सिलीला टोक करायला घ्यायचे.

नावाने कोणाला हाक नाही. फौजेतल्या नंबराचे शेवटचे तीन आकडे. आमचे हे चारशे बारा. मला नंबर नव्हता, म्हणून न भेटताच मी फाइलवाल्या ताई. हा यादीतला चौथा मुद्दा.

दुपारी साडेबारा वाजले की बोलणं अर्ध्यावर टाकून उठायचे, स्टीलची थाळी घ्यायचे आणि सुनेच्या चुलीकडे जाणाऱ्या दारात रांगेत उभे राहायचे. घरात जेवणारे ते एकटे. तरी रांग. सून आतून "या मामा" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचे नाहीत. कोणी आलेलं असलं की त्यानेही थाळी घेऊन मागे उभं राहायचं. एकदा मी तिथे असताना एक निवृत्त साहेब आले होते, मोठ्या हुद्द्यावरचे. तेही मुकाट मागे उभे राहिले आणि हलक्या आवाजात विचारलं, "आज काय आहे?" उस्ताद मागे न बघता म्हणाले, "रांगेत बोलायचं न्हाई."

त्यांना स्वतःला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. लंगरातली, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातली, एक भट्टी उडाली होती, तेव्हाचं ते. मी एकदा विचारलं, स्वतःचं अपील का नाही केलं? म्हणाले, "त्या दिवशी मी काय शिजवलं तेच आठवत न्हाई. मंग लिहू काय?"

मला वाटलं, टाळतात. पण ते खरं सांगत होते. त्यांचं सगळं काम त्याच एका प्रश्नावर चालायचं. आलेल्या माणसाला ते "काय झालं" असं कधी विचारत नसत. विचारायचे, "त्या दिवशी लंगरात काय होतं?"

माणूस गोंधळायचा. मग आठवू लागायचा. आणि आठवायचंच, कारण थंडीत, घरापासून लांब, दिवसभरात वाट बघण्यासारखी ती एकच गोष्ट असते. एका जवानाच्या कागदावर अपघाताचा वार मंगळवार होता आणि त्याला मटण आठवत होतं. उस्ताद म्हणाले, "आमच्या लंगरात मंगळवारी मटण शिजत न्हाई, बाळा. एक तर तू चुकला, न्हाईतर कागद." कागद चुकला होता. तारीख एका दिवसाने पुढे पडली होती आणि त्या एका दिवसावर त्याचं प्रकरण अडलं होतं. ही गोष्ट मला ह्यांनी तीन वेळा सांगितली. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "ऐकलीय."

आता आमचं प्रकरण. पेन्शन नाकारली गेली तेव्हा पहिलं अपील मी तयार केलं. अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला क्रमांक, दवाखान्याचे कागद वेगळे, नोकरीचे वेगळे, रंगीत चिठ्ठ्या. शाळेच्या तपासणीलासुद्धा मी अशी फाइल लावलेली नाही. इजा कशी झाली या रकान्यात मी लिहिलं, गस्तीवर असताना बर्फावरून घसरून. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पिंपळगाव रेणुकाईला, ह्यांच्या गावी, शाळेने दोन वेळा झेंडावंदनाला ह्यांचा सत्कार केला होता, गस्तीवर जखमी झालेला गावचा जवान म्हणून.

उत्तर आलं. त्या दिवशी ह्यांच्या कंपनीची गस्त गेल्याची नोंद नाही, इजेचा सेवेशी संबंध सिद्ध होत नाही, अपील नामंजूर. दुसऱ्या आणि शेवटच्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत. त्यापुढे कोर्ट, आणि ते आम्हाला झेपणारं नव्हतं.

मी म्हणाले, त्यांच्या नोंदी चुकल्या असतील, आपण नोंदवहीची प्रत मागू. हे बुटाची नाडी सोडून परत बांधत बसले. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग कोणीतरी ह्यांना उस्तादांचं सांगितलं आणि हे गुरुवारी एसटीने राजूरला गेले. संध्याकाळी आले ते शर्टाला काथ्या चिकटलेला आणि चेहरा उजळलेला.

"काय विचारलं त्यांनी?"

"जेवणाचं."

"आणि फाइल?"

"फाइल न्हाई उघडली."

पुढच्या गुरुवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. येताना गोष्टी घेऊन यायचे. उंचावर डाळ शिजत नाही, कुकरलाही तासभर लागतो. पहाटेच्या चहात केरोसिनचा वास यायचा आणि तरी तो चहा भारी लागायचा. लग्नाच्या चौदा वर्षांत ह्यांनी मला फौजेबद्दल जे सांगितलं होतं ते फुलस्केपच्या एका पानात बसलं असतं, समास सोडून. आणि तिथे, एका लांगऱ्यापुढे नारळ सोलत, हे तासन्‌तास बोलत होते. घरी जेवताना गुणगुणायला लागले. कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, छान झालं, मन रमतंय. रात्री मी यादी केली ती तेव्हाच.

मुदतीतले चार महिने गेल्यावर मी स्कूटी काढली, फाइल पिशवीत घातली आणि ह्यांना मागे बसवून स्वतः राजूरला गेले. मध्ये एकदा थांबावं लागतं, कंबर मोकळी करायला. हे उभे राहतात, मी घड्याळ बघते.

उस्तादांनी फाइल हातात घेतली, तोलून बघितली, दोन पानं उलटली. "एक नंबर," म्हणाले. "आमच्या पलटणीच्या क्लार्कनं बी अशी लावली नसती. फक्त हिच्यात जेवण न्हाई."

"जेवणाचा आणि मणक्याचा काय संबंध?"

"ताई, तुम्ही जरा पुढं बसा. सूनबाईला दुर्वांच्या जुड्या बांधू लागा. चतुर्थी आलीय."

मला बाहेर काढलं. मी, जिने सगळे कागद गोळा केले, ती दुकानाच्या पायरीवर दुर्वा मोजत बसले. एकवीस दुर्वांची एक जुडी. मागे पत्रा, आणि पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. सूनही ऐकत होती. तिला सवय होती.

"चारशे बारा, मागच्या बारी तू पुरीवर थांबला. पुरी, आलू, पुढं? गोड काय होतं?"

नारळाचा काथ्या फाटल्याचा आवाज आला.

"खीर," हे म्हणाले.

"कशाची?"

"तांदळाची."

"पुरी आणि खीर. मंग बडाखाना होता. पलटणीचा वाढदिवस?"

"हो."

सून माझ्या कानाशी म्हणाली, "बडाखाना म्हणजे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एका पंगतीला, ताई."

आत उस्ताद बोलत होते. "अरे, मंग बडाखान्याला तू गस्तीवर कसा? नोंदवही बराबर आहे की. तुमची कंपनी कुठं होती?"

काथ्याचा आवाज थांबला.

"लंगरात. वाढपाच्या ड्युटीवर."

"खिरीची डेग म्हणजे दोन कड्यांचं भलं मोठं पातेलं. कितीजणांनी उचलली?"

"दोघांनी. पायऱ्या होत्या. वर बर्फ जमलेलं. मी पुढं."

"म्हणजे उलटा उतरून राह्यला होतास."

"हो. पाय गेला. मी खाली, डेग वरून आली. खीर सगळी पायऱ्यांवर, उस्ताद. सगळी. पलटण तशीच उठली त्या दिवशी. दवाखान्यातून फोन केला तर बाबा विचारून राह्यले, कसा पडला? खीर उचलताना पडलो, कसं सांगू? गस्तीवर होतो म्हणालो. मंग तेच राह्यलं."

ह्यांचा आवाज लग्नानंतर मी असा कधी ऐकला नव्हता. माझ्या हातातल्या जुडीत किती दुर्वा गेल्या, मला माहीत नाही.

"मी दोन डेगी सांडल्यात," उस्ताद म्हणाले. "एक तर मोठ्या साहेबांच्या बुटावर. त्यांनी बूट चाटून बघितला असता तर कळलं असतं त्यांना, वेलची किती भारी पडली होती." आणि हे हसले. रडता रडता हसले. मग उस्तादांचा आवाज एकदम कामाचा झाला. "दुसरी कडी कोणाच्या हातात होती?"

ह्यांनी एक नाव सांगितलं. सांगलीकडचा कोणी जवान. मी ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला खिरीचं काही वाटलं नाही. ह्यांना लागलं तेव्हापासून आमच्या घरात खीर होत नव्हती. सणावाराच्या माझ्या यादीत मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असायचं, ह्यांना खीर नको, शिरा करणे. का नको, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला वाटलं ते पत्र्याचं. मधल्या त्या पत्र्याचं. जे मला माहीत असायला हवं होतं ते मी दुसऱ्याच्या दुकानात बसून, दुसऱ्याच्या सुनेबरोबर ऐकलं.

उस्तादांनी कॅलेंडरच्या पानामागे अपील लिहून दिलं होतं, हिंदीत, सरळ. त्या दिवशी काय होतं, कोण कुठे होतं, काय उचललं, कसं पडलो. पहिल्या अपिलात गस्त लिहिली ती घरच्यांपुढे लाजेने सांगितलेली गोष्ट होती, हेही त्यात होतं. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर ते टाइप केलं. 'खीर' हा शब्द टाइप करताना थांबले नाही.

हे सही करेनात.

"गावात कळलं तर? दोनदा सत्कार घेतलाय मी."

"हा कागद गावात जात नाही."

"पिंपळगावला बाबा अजून देवळाच्या पारावर सांगतात गस्तीचं."

"मुदतीला बेचाळीस दिवस राहिलेत."

"तुला मुदतच दिसंल."

कागद तीन दिवस देव्हाऱ्याजवळ पडून होता. चौथ्या दिवशी ह्यांनी सही केली, तीही माझ्या सांगण्यावरून नाही. सांगलीच्या त्या माणसाचा नंबर उस्तादांनी कुठून तरी मिळवला होता. तो फोनवर म्हणाला, माझ्या मनगटावर अजून डाग आहे त्या खिरीचा, मी प्रतिज्ञापत्र देतो. हे हॉलमध्ये उभ्याने तासभर त्याच्याशी बोलले. मग पेन मागितलं.

दुसऱ्या अपिलाला मी अनुक्रमणिका लावली. तेवढा माझा हक्क होता.

उस्ताद गेले त्याला आता दीड वर्ष होईल. सून त्यांचा तो तेलाचा डबा माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "मामा म्हणून गेले, फाइलवाल्या ताईला दे, पण म्हणावं आत हात घालून शोधायचं, नीट लावायचं न्हाई." मी डब्यावर चिठ्ठी लावली. आतलं काही नीट लावलेलं नाही. रविवारी अपिलासाठी कोणी ना कोणी येतं. नारळ नसतात आमच्याकडे, मी शेंगा फोडायला देते. आणि विचारते, त्या दिवशी लंगरात काय होतं? माझ्यापुढे मात्र माणसं पुरीपर्यंत येऊन थांबतात. गोडापर्यंत यायला दोन-तीन रविवार जातात. उस्तादांना कधी इतका वेळ लागला नसता, हे मला दर रविवारी कळतं आणि दर रविवारी खुपतं.

आमचा निकाल मात्र उस्ताद असतानाच आला होता. पाकीट पोस्टमनने दिलं तेव्हा सही मी केली. हे आतून आले, पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"उघडू?" मी विचारलं.

"राजूरला उघडू."

चौदा वर्षं संसार माझ्याबरोबर, फाइल माझी, टायपिंग माझं, आणि पाकीट राजूरला. मी स्कूटीची किल्ली घेतली.

पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. उस्ताद थाळी घेऊन दारात उभे. पाकीट दाखवलं तर म्हणाले, "रांगेत या." पुढे उस्ताद, मागे हे, त्यांच्या मागे मी, एका हातात थाळी आणि एका हातात बंद पाकीट. सून आतून हसत होती. पिठलं-भाकरी होती. उस्तादांनी भाकरी सावकाश खाल्ली, थाळी स्वतः घासली, पुसली, जागेवर ठेवली. तोपर्यंत ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"वाचा, ताई."

मी वाचलं. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने. अपील मंजूर. इजा कर्तव्यावर असताना झाल्याचं मान्य. हे खाटेवर बसले, लगेच उठले, दुकानात गेले, सुनेला सांगितलं, परत आले. उस्ताद म्हणाले, "बराबर." आणि पुढचा नारळ ओढला. मग तो हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही, ताई?"

"मी काय?"

"चारशे बारा पडला ती खबर आली. त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. पण माझ्या सगळं लक्षात राहतं, त्याच्यावरच माझं पोट आहे.

"हुरडा," मी म्हणाले.

आणि मग थांबता आलं नाही. पिंपळगावच्या शेतात आगटी पेटली होती. धाकटी पोटात होती, सहावा महिना. सासऱ्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, पडलाय, दवाखान्यात आहे, जीव वाचला. सासूबाई रडायला लागल्या, नणंदा उठून त्यांच्याकडे धावल्या. माझ्या पुढ्यात गरम हुरडा होता, शेंगदाण्याची चटणी होती. मला भूक लागली होती, उस्ताद. मी खात राहिले. पानावरचा सगळा संपवला, वर अजून घेतला. मला कोणी काही म्हणालं नाही. पण बघितलं सगळ्यांनी.

"पोटभर खाल्लं?"

"पोटभर."

"बराबर केलं. दोघींनी खाल्लं."

एवढंच म्हणाले आणि हातातला नारळ माझ्याकडे सरकवला. इतक्या फेऱ्यांत त्यांनी मला नारळ कधी दिला नव्हता. मी सोलला. नखं दुखली.

परतताना अर्ध्या वाटेवर थांबलो. हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून. पाकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, पण त्यांचं लक्ष पाकिटाकडे नव्हतं.

"हुरड्याचं मला कधी सांगितलं न्हाईस."

मी हेल्मेटचा पट्टा सैल केला, परत आवळला.

"त्यांनी विचारलं आणि एका दमात सांगून टाकलंस. मला इतक्या वर्षांत न्हाई."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी तो माझा चेहरा होता.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हणाले, "बसा, ऊन वाढतंय."

भोकरदनचा नाका येईपर्यंत आरशात हे माझ्याकडे बघत होते. घरी गेल्यावर सगळं सांगणारच होते मी. पण तेवढा रस्ता त्यांना जळू दिलं.